ईश्वरचिठ्ठीचे यंत्र

आमच्या विभागात दर शनिवारी पदव्युत्तर वर्गाचे निबंधवाचन असते. विद्यार्थी ४३, वेळ दोन तासांचा; एका बैठकीत तिघांहून अधिक जणांची पाळी लागत नाही. ती कोणाची लागावी हे ठरविण्यासाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात हजेरीक्रमांकांच्या चिठ्ठ्या घालून डबा खुळखुळवायचा आणि शिपायाने मान वळवून एकेक चिठ्ठी काढायची. वाचून झालेल्याची चिठ्ठीही पुन्हा डब्यात जाई, म्हणजे कोणालाच गाफील राहण्याची सोय नव्हती. काही वर्षांपूर्वी आम्हां दोघा-तिघा अध्यापकांना आधुनिकतेची उबळ आली. साहित्य सोडून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत रमलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तळहाताएवढे यंत्र जुळवून दिले. आत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे शुद्ध मराठीत सूक्ष्मनियंत्रक, बाहेर एक बटण आणि लाल आकड्यांची पट्टी. बटण दाबले की १ ते ४३ मधला एक आकडा उमटे. डबा कपाटात गेला.

पहिल्या शनिवारी आकडे आले ३८, ३७ आणि १०. दुसऱ्या शनिवारी पुन्हा ३८, ३७ आणि १०. योगायोग म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. तिसऱ्या शनिवारी बटण दाबण्यापूर्वीच मागच्या बाकावरून कोणीतरी "अडतीस" असे पुटपुटले आणि पट्टीवर अडतीसच उमटले. वर्ग हसला, अडतिसाव्या क्रमांकाची मुलगी हसली नाही. आधीच अबोल, भर वर्गात उभे राहिल्यावर शब्द घशात अडकणारी. सरांनी आपल्यालाच मुद्दाम उठवायचे ठरवले आहे, यंत्र हे नुसते निमित्त, असे तिला वाटले होते. हे तिने पुष्कळ दिवसांनी सांगितले. प्रस्तुत लेख त्या फजितीचे फलित आहे. सोडत म्हणजे काय, ती काढणाऱ्या हाताने काय करावे आणि काय करू नये, या प्रश्नाच्या मागे आम्ही लागलो ते तेव्हापासून.

मराठीत याला सुरेख शब्द आहे : ईश्वरचिठ्ठी. दोन उमेदवारांना सारखी मते पडली की निवडणूक अधिकारी चिठ्ठी काढतो. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच लागला. वर्तमानपत्रे अशा वेळी ईश्वरचिठ्ठी हाच शब्द वापरतात, निरीश्वरवादी संपादकसुद्धा. शास्त्रीय परिभाषेत मात्र 'यादृच्छिक संख्या' म्हणतात आणि त्यामागचा 'यदृच्छा' हा शब्द चांगला जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी विश्वाचे कारण काय असावे याची यादी येते, तीत काल, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छाही बसलेली आहे. तिला निदान उमेदवार म्हणून विचारात घेतले होते, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

या यदृच्छेचे भारतीय वाङ्मयातले पहिले हत्यार म्हणजे बेहड्याचे फळ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे, त्यातले फासे बेहड्याचेच. वनपर्वातल्या नलोपाख्यानात तर हे झाड पात्रासारखे वावरते. नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत असतो. वाटेत एक बेहडा दिसतो आणि राजा फांद्यांवरची पाने व फळे नुसत्या नजरेने सांगून टाकतो. नल रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो आणि मोबदल्यात अश्वहृदय मागून घेतो. ते मर्म कळताच नलाच्या देहातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. फाशांचे गणित आणि नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधण्याचे गणित ही एकच विद्या आहे, असे या कथेला ठाऊक असावे; इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उगमावरील १९७५ च्या आपल्या ग्रंथात या कथेची दखल घेतली ती याचसाठी. आमच्यापुरता मुद्दा निराळा आहे. फासा निःपक्षपाती नसतो हे नलाला राज्य गमावून कळले. युरोपातील संख्याशास्त्रज्ञांना तेच कळायला एकोणिसावे शतक संपत आले.

वेल्डन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे एकदम टाकण्याचा प्रयोग २६,३०६ वेळा केला आणि १८९४ मध्ये फ्रान्सिस गाल्टनला त्याचा वृत्तान्त कळवला. म्हणजे एकेक फासा धरला तर तीन लाखांवर दाने. फासा खरा असेल तर पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण तिसरा हिस्सा, ०.३३३३, यावे, आले ०.३३७७. फरक चिमूटभर, परंतु एवढ्या मोठ्या राशीत तो निव्वळ योगायोगाने येणार नाही, हे कार्ल पिअर्सनने १९०० साली आपली काय-वर्ग कसोटी मांडताना याच आकड्यांवर दाखवले. कारण बहुधा अगदी साधे : ठिपके कोरून काढलेले, तेव्हा सहा खड्ड्यांची बाजू एका खड्ड्याच्या बाजूपेक्षा हलकी, आणि हलकी बाजू वर येण्याकडे कल. सारीपाट खेळणाऱ्या आमच्या आज्या विशिष्ट कवड्यांचा आग्रह का धरीत, याचा उलगडा आम्हांस येथे झाला.

फासे सोडून लोक छापील आकड्यांकडे वळले. १९२७ मध्ये टिपेट यांनी ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. हे अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते. टिपेट ब्रिटिश कापूस संशोधन संस्थेत काम करीत. (कापसाचे आणि यदृच्छेचे काही गूढ नाते असावे. मुंबईतला मटका आरंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद भावांच्या आकड्यांवर चाले आणि १९६१ मध्ये ते आकडे येणे थांबल्यावरच मडके आणि चिठ्ठ्या आल्या.) फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये वीस स्थळांच्या लॉगरिथम कोष्टकातील पंधराव्या ते एकोणिसाव्या स्थळांचे १५,००० अंक घेतले. त्यांत सहा जरा जास्त निघाले, म्हणून काही सहा काढून त्यांच्या जागी दुसरे अंक बसवले गेले. यदृच्छेची ही मुद्रितशोधनाची रीत पाहून कोणाही संपादकास गहिवरून येईल.

केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांना अशी डागडुजी नको होती. लंडनच्या दूरध्वनी-सूचीतले अंक त्यांनी तपासून पाहिले. तेही कसोटीला उतरले नाहीत. तेव्हा त्यांनी यंत्र बांधले. दहा भाग पाडलेली एक गोल चकती, ० ते ९ अंक लिहिलेली, विजेच्या मोटारीने वेगाने फिरणारी. खोलीत अंधार, मधूनच प्रकाशाचा लखलखाट होई, त्या क्षणी चकती थिजल्यासारखी दिसे आणि खुणेसमोरचा अंक निरीक्षकाने सांगायचा. या रीतीने मिळवलेल्या एक लाख अंकांचे पुस्तक १९३९ मध्ये आले. आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो या खटाटोपातला एक दोष. एका निरीक्षकाच्या नोंदींत सम अंक सातत्याने अधिक आले. चकतीत खोट नव्हती, प्रकाशात नव्हती. खोट पाहणाऱ्या डोळ्यात होती. त्याला विषमापेक्षा सम अंक दिसत. लबाडीचा प्रश्नच नव्हता, त्याला त्यातून काही मिळणार नव्हते. मनुष्य प्रामाणिक असूनही निःपक्षपाती असेलच असे नाही, याचा इतका निर्मळ पुरावा दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

हीच गोष्ट शेताच्या बांधावर सिद्ध करणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला. बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुढे लंडनला गेले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. गावाचे उत्पन्न ठरवायचे तर सगळी शेते कापून तोलता येत नाहीत. काही शेते निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे. तुकडा कोठे आखायचा हे जर कर्मचाऱ्यावर सोडले, तर तो रस्त्यालगतचा, ताटे भरदार असलेला कोपरा धरणार; म्हणून जागा यादृच्छिक अंकांनी ठरवायची. सुखात्म्यांनी आणखी एक पाऊल पुढे जाऊन दाखवले की तुकडा फार लहान असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. सीमेवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न आला की हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी सीमेवरची रोपे प्रमाणाने जास्त, आणि तितका उताऱ्याचा आकडा फुगलेला. लहान तुकड्यांचा पुरस्कार करणाऱ्या महालनोबीस यांच्याशी त्यांचा यावरून १९४० च्या दशकात जाहीर वाद झाला. कोष्टकातला एक आकडा चुकला किंवा चुकवला तर उतारा जास्त दिसतो आणि नुकसानीची भरपाई घटते, हे आजही पीक विम्याच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता आम्ही त्या ग्रंथाकडे वळतो, ज्याला आमच्या मते विसाव्या शतकातील सर्वांत निर्विकार ग्रंथ म्हणता येईल. रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात दहा लाख यादृच्छिक अंक आहेत. पानावर ५० ओळी, ओळीत ५० अंक, अशी ४०० पाने. त्यानंतर प्रसामान्य विचलनांची आणखी २००. कथानक नाही, पात्रे नाहीत आणि, हे महत्त्वाचे, पुनरावृत्तीचा नेमही नाही. पहिल्या ३९९ पानांवरून चारशेव्या पानाविषयी काहीएक सांगता येऊ नये, एवढाच या ग्रंथाचा दावा. प्रस्तावनाकारांनी एक गोष्ट निरागसपणे नोंदवली आहे : कोष्टकांचे स्वरूपच असे की छापणाऱ्या यंत्राच्या यादृच्छिक चुका पकडण्यासाठी प्रत्येक पानाचे मुद्रितशोधन करण्याची गरज भासली नाही. मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे वाक्य स्वर्गातून आल्यासारखे वाटते.

या निर्विकारतेमागची धडपड मात्र जाणून घेण्यासारखी आहे. १९४७ मध्ये, संस्था डग्लस विमान कंपनीचा एक प्रकल्प असताना, तेथील अभियंत्यांनी विजेचे रुलेट चक्र बांधले. अनियमितपणे उसळणाऱ्या विद्युत्-स्पंदांचा एक स्रोत, सेकंदाला सरासरी एक लाख स्पंद. साधारण सेकंदाला एकदा दार लागे आणि तेथवर मोजणी कोठे थांबली ते पाहायचे. मोजणारा घटक बत्तिसापर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येई, म्हणजे बत्तीस घरांचे चक्र प्रत्येक खेपेस तीन हजार फेरे घेऊन थांबले असे समजावे. हवे होते दहाच अंक. म्हणून बत्तिसांपैकी बारा घरे सरळ टाकून दिली, उरलेल्या विसांचा केवळ शेवटचा अंक घेतला, आणि तो छिद्रांच्या कार्डावर टोचला. ही बारा घरे टाकून देण्याची रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागेल.

यंत्राने सुरुवातीला दिलेले अंक चाचणीत नापास झाले. मंडलांत फेरफार झाले, मे आणि जून १९४७ मध्ये दहा लाख अंकांची रास तयार झाली, कसून तपासली गेली, आणि तीतही बारीकसा परंतु निश्चित कल आढळला. तेव्हा अखेरचा उपाय केला तो असा. प्रत्येक कार्डावर ५० अंक होते. एका कार्डावरचा प्रत्येक अंक आधीच्या कार्डावरील त्याच जागेच्या अंकात मिळवायचा आणि हातचा सोडून द्यायचा. दोन थोड्या थोड्या खोट्या राशी अशा मिसळल्या की मिश्रण प्रत्येकीपेक्षा खरे निघते. छापला गेला तो हा दुरुस्त पाठ.

याच संस्थेचा सल्लागार असलेल्या जॉन फॉन नॉयमन याने १९४९ च्या एका परिसंवादात वाचलेल्या आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या टिपणात दोन गोष्टी सांगितल्या. एक, निव्वळ अंकगणिताने यदृच्छा निर्माण करू पाहणारा पापाचा धनी होतो. असे म्हणणाराच मधला-वर्ग पद्धतीचा जनक होता, म्हणजे संख्येचा वर्ग करून मधले अंक उचलायचे, पुन्हा त्यांचा वर्ग. तेव्हा यात पश्चात्तापापेक्षा मिस्कीलपणाच जास्त. संगणकाला लागलीच लाखो अंक हवे असतात आणि चुकीचा माग काढण्यासाठी तीच मालिका पुन्हा मिळावी लागते. म्हणून हे पाप सगळ्यांनीच केले आणि अजून करतात. दुसरी गोष्ट, खोट्या नाण्याकडून खरा कौल घेण्याची युक्ती. नाणे दोनदा उडवायचे. दोन्ही वेळा छापा किंवा दोन्ही वेळा काटा आला तर ती जोडी टाकून द्यायची. छापा-काटा आला तर शून्य, काटा-छापा आला तर एक. नाणे छाप्याकडे कितीही झुकलेले असो, छापा-काटा आणि काटा-छापा यांची शक्यता सारखीच राहते. अट एकच : एका उडवण्याचा दुसरीवर परिणाम होता कामा नये. ही अट आमच्या पुढच्या फजितीचे कारण झाली.

मँचेस्टर विद्यापीठात १९५१ च्या फेब्रुवारीत फेरांटी मार्क १ हा संगणक आला. अ‍ॅलन ट्यूरिंगच्या आग्रहाने त्यात एक विशेष आज्ञा होती : ती दिली की विद्युत्-कोलाहलातून वीस यादृच्छिक द्वयंक संचयकात येऊन पडत. या आज्ञेचा सर्वांत अनपेक्षित उपयोग केला क्रिस्टोफर स्ट्रेची याने, १९५२ मध्ये. हा ब्लूम्सबरी वर्तुळातील चरित्रकार लिटन स्ट्रेची याचा पुतण्या. वाङ्मय घरातच होते. त्याने संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. दोन शब्दांचे संबोधन, दोनच साचे असलेली पाच वाक्ये, साच्यांत विशेषणे, नामे, क्रियाविशेषणे, क्रियापदे यदृच्छेने भरलेली, आणि खाली विद्यापीठाच्या संगणकाच्या आद्याक्षरांची सही. १९५४ च्या ऑक्टोबरात 'एन्काउंटर' या मासिकात स्ट्रेचीने त्यांविषयी लेख लिहिला. त्रिस्तान झारा याने १९२० मध्ये वर्तमानपत्राची कात्रणे पिशवीत घालून कविता काढण्याची कृती सांगितली होती, तिचे हे यांत्रिक भावंड. फरक असा की झाराला रूढ काव्य मोडायचे होते, तर स्ट्रेचीची पत्रे रूढ प्रेमपत्राइतकीच ओळखीची निघतात. वाचताना हसू येते आणि मग आपल्या वर्गातील मासिकांतून वाचलेल्या काही कविता आठवून ते मावळते. यदृच्छेने लिहिलेले आणि सवयीने लिहिलेले यांत फरक कसा ओळखावा, हा समीक्षेपुढचा प्रश्न त्या कोलाहलाच्या नळीने तेव्हाच टाकला होता.

ब्रिटनच्या टपाल खात्याने युद्धकाळात कलॉसस संगणक बांधलेल्या मंडळींच्या हातूनच बक्षिसी रोख्यांच्या सोडतीसाठी 'अर्नी' हे यंत्र बांधवून घेतले. निऑन नळ्यांतील कोलाहलावर चालणाऱ्या या यंत्राची पहिली सोडत १ जून १९५७ ला निघाली. त्याच्या पाचव्या अवताराने २०१९ पासून प्रकाशकणांच्या क्वांटम वर्तनाचा आधार घेतला आहे. हे सगळे पैशांपुरते. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काढलेली सोडत माणसांची होती.

व्हिएतनामच्या युद्धावर कोणी आधी जायचे हे जन्मतारखेने ठरणार होते. ३६६ तारखा, ३६६ निळ्या डब्या, काचेचे एक भांडे. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. त्या वर्षीच्या भरतीत १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावणे आले. यदृच्छा असेल तर प्रत्येक महिन्याच्या तारखांचा सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास यावा. जानेवारीचा आला २०१.२ आणि डिसेंबरचा १२१.५. डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट कालवल्याच नव्हत्या. शेवटी पडलेले महिने वरच्या थरात राहिले आणि काढणाऱ्या हातांना आधी लागले. कोणी कट केला नव्हता. हात एखाद-दुसऱ्या वेळी अधिक फिरवण्याचा कंटाळा, एवढेच. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या घरी ते किती जड गेले असेल, याचा हिशेब संख्याशास्त्रात बसत नाही. स्टीफन फीनबर्ग यांनी १९७१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या सोडतीची चिकित्सा केली. त्याआधीच, १ जुलै १९७० च्या सोडतीसाठी, राष्ट्रीय मानक संस्थेकडून यादृच्छिक क्रमांची कोष्टके मागवण्यात आली होती. डबा नीट हलवणे किती कठीण असते हे आमच्या शिपायाला ठाऊक होते. तो तीनदा उलटा करून हलवीत असे.

आता अडतीस. आमच्या यंत्रातील सूक्ष्मनियंत्रक यदृच्छा म्हणून जे देत होता ते फॉन नॉयमनचे पापच होते. मागील संख्येला १६,८०७ ने, म्हणजे सातच्या पाचव्या घाताने, गुणायचे आणि २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी ठेवायची. आरंभसंख्या आपण दिली नाही तर तो १ धरतो, आणि वीज गेली की सगळे विसरून पुन्हा १ पासून निघतो. पहिली संख्या १६,८०७. तिला ४३ ने भागले की बाकी ३७. त्यात एक मिळवला की ३८. पुढच्या दोन संख्यांतून ३७ आणि १० हेच निघतात. ज्यांना शंका असेल त्यांनी कागदावर करून पाहावे. इटलीतील इव्हरेया येथे २००५ मध्ये कलाशिक्षणासाठी जन्मलेल्या आर्दुइनो मंडलांवर असा घोटाळा नवशिक्यांच्या हातून जगभर होत असतो. त्याला हसावे तर मोठ्यांचे काय? डेबियन या संगणकप्रणालीत २००६ मध्ये कोणी निरुपयोगी वाटलेल्या दोन ओळी काढून टाकल्या आणि मे २००८ पर्यंत तिच्यावर बनलेल्या गुप्त किल्ल्या प्रत्येक जातीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यतांत मावत राहिल्या. किल्ली आहे, कुलूप आहे, आणि चोराजवळ सगळ्या किल्ल्यांचा जुडगा.

माजी विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. यंत्राचा एक टोकाळा मोकळा सोडून त्यावरचा व्होल्टेज वाचावा आणि तोच आरंभ धरावा, हा प्रचलित तोडगा त्याने आधी करून पाहिला. पण त्या टोकाळ्याला खरे ऐकू येत होते ते भिंतीतल्या विजेचे सेकंदाला पन्नास आवर्तनांचे गुणगुणणे, म्हणजे यदृच्छेच्या अगदी उलट. मग त्याने बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर घेतला, जो बाजारात एक-दोन रुपयांना मिळतो, आणि त्याच्या उत्सर्जक-पाया संधीवर उलटा दाब दिला. साधारण आठ-नऊ व्होल्टला ही संधी फुटते, इलेक्ट्रॉन दरडीसारखे कोसळतात, आणि प्रत्येक कोसळणे आपल्या लहरीने होते. यासाठी बारा व्होल्टचा पुरवठा लागला, दुसऱ्या ट्रान्झिस्टरने तो कोलाहल मोठा केला, आणि सूक्ष्मनियंत्रकाने ठरावीक पातळीच्या वर की खाली एवढेच पाहून एक किंवा शून्य लिहिले.

त्यावर आम्ही फॉन नॉयमनची जोड्यांची युक्ती लावली. चार द्वयंकांमागे सरासरी एक हाती लागतो, पण आम्हांस घाई नव्हती. शून्य आणि एक समसमान आले आणि आम्ही पेढे वाटले. वाटायला नको होते. केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३८ मध्ये चार कसोट्या सांगितल्या होत्या. वारंवारतेची पहिली उतरली, परंतु लागोपाठच्या जोड्यांची दुसरी उतरेना. एकानंतर एक येण्याकडे स्पष्ट ओढा होता. भिंतीतले पन्नास आवर्तनांचे गुणगुणणे तारांतून कोलाहलात मिसळले होते, आणि एका उडवण्याचा दुसरीवर परिणाम होऊ नये ही अट तेथेच मोडत होती. इलाज विद्यार्थ्यानेच सांगितला : सगळे मंडल पत्र्याच्या बंद पेटीत घाला, पत्रा जमिनीला जोडा, आणि भिंतीतली वीज सोडून बॅटरी लावा. पत्र्याची पेटी शोधता कपाटातून डबा निघाला. झाकणाला भोक पाडून तार बाहेर काढली.

पुढचे काम सोपे. सहा द्वयंकांनी ० ते ६३ अशा चौसष्ट संख्या होतात आणि आमची मुले ४३. जुन्या रँडच्या रीतीने वरच्या एकवीस संख्या आल्या तर टाकून द्यायच्या आणि पुन्हा मागायच्या. भागून बाकी काढली असती तर पहिल्या एकवीस क्रमांकांना दुप्पट संधी मिळाली असती. तीही चूक आम्ही पहिल्या रात्री केलीच होती. दोन लाख अंक काढून आठवडाभर तपासले, चारही कसोट्या उतरल्या.

अडतिसाव्या क्रमांकाच्या मुलीला आम्ही हे सगळे बसवून सांगितले, गुणाकार कागदावर करून दाखवला. तिने तो स्वतः पुन्हा केला, ३७ बाकी आणली, आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या जागी कोणीही असती तरी तिलाच." मग थोडे थांबून तिने विचारले की पहिल्या तीन शनिवारचे तिचे गुण कोणते धरणार. आम्ही ते रद्द केले. नव्या यंत्राच्या पहिल्या शनिवारी मुलांनी आधी डब्याचे झाकण उघडून आत पाहण्याचा आग्रह धरला. आत चिठ्ठ्या नाहीत, फक्त तारा आहेत, हे पाहून त्यांतल्या काहींचे समाधान झाले नाही. त्यांनी शिपायालाच बटण दाबायला सांगितले. त्याने सवयीने मान वळवली आणि दाबले. आकडा आला २२.